केवळाबाई कशामुळे वाचल्या

लातुरात ट्यूशनच्या गल्लीत केवळाबाईंची मेस होती. तिथं जेवणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांचं मत होतं की मावशींना देवीनं वाचवलं, आणि निम्म्यांचं मत होतं की मावशींना विज्ञानानं वाचवलं. कुणाचं मत कुठलं हे ओळखायला फार अक्कल लागत नसे. जीवशास्त्राला उद्धव सरांकडं जाणारी पोरं विज्ञानवाली आणि भौतिकशास्त्राला अंबरीश सरांकडं जाणारी देवीवाली. बहुतेक पोरं दोन्हीकडं जात, ती वाराप्रमाणे मत बदलत. सोमवार, बुधवार, शुक्रवार देवी. मंगळवार, गुरुवार, शनिवार विज्ञान. रविवारी परीक्षा असायची, त्यामुळे त्या दिवशी मावशी कशामुळेच वाचलेल्या नसत.

स्वतः केवळाबाईंना कुणी विचारत नसे. त्या गॅसपुढं पाट टाकून बसत आणि चाळीस पोरांच्या भाकरी थापत. वय पासष्टीच्या पुढं, अंगानं काटक, आवाज मात्र शेतात हाळी मारायच्या मापाचा. पोरं तावातावानं भांडायला लागली की त्या एवढंच म्हणत, "देवी असू द्या न्हाईतर इज्ञान, ताटात टाकू नका."

त्यांचं माहेर नांदेडकडचं, हदगावजवळचं. तिथनं त्यांना दिलं ते थेट तेरणेच्या काठाला, औशाच्याही पलीकडं. स्थळ बघायला गेलेल्या मामांना तिथली काळीभोर जमीन आवडली आणि त्या आनंदात नवरा मुलगा नीट बघायचा राहून गेला. नवरा वाईट नव्हता, पण टिकला नाही. मागं एक लेक, वैजनाथ. त्याला बायको केली गुणाबाई, आणि गुणाबाईला झाली तनुजा. एवढंच कुटुंब. त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशीला गावानं गणपती बोळवला आणि पहाटेच्या आत भूकंपात गाव खाली बसलं. दगडामातीच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद. वैजनाथ आणि गुणाबाई त्याखाली गेले. केवळाबाई आणि पाच वर्षांची तनुजा त्या रात्री शेतातल्या पत्र्याच्या कोठ्यात जनावरांपाशी निजल्या होत्या. त्या वाचल्या.

आता सणाच्या रात्री आजी आणि नात घर सोडून बैलांपाशी का निजल्या, हा प्रश्न कुणालाही पडेल. लातूरच्या विचारवंतांना तो अकरा वर्षं पुरला.

पहिलं उत्तर केवळाबाईंनी स्वतःच दिलं होतं, आणि ते खोटं होतं. गाव पडल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये एक वार्ताहर आला. लांबून आलेला, दमलेला माणूस. दिवसभर ज्याला विचारावं तो "म्हाईत न्हाई" म्हणत होता. त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही कशामुळे वाचलात?" केवळाबाईंच्या मांडीवर तनुजा होती, आणि जागी होती. खरं ओठापर्यंत आलं होतं. ते गिळून त्या म्हणाल्या, "माहूरच्या आईनं सपनात येऊन उठवलं. म्हणली, पोरीला घे आन् भाईर पड." वार्ताहराचा चेहरा इतका उजळला की केवळाबाईंना वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी भलं झालं.

खोट्याचं असं असतं की ते एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. दोन वर्षांनी तनुजानं विचारलं, "देवीनं आईला का न्हाई उठवलं?" केवळाबाई अर्धा दिवस दळण निवडत बसल्या आणि संध्याकाळी म्हणाल्या, "उठवलं की. तुझी आई म्हणली, आधी माझ्या लेकीला ने, माझं मागून बघू." पोरीनं ते वाक्य घट्ट धरलं. वर्गातल्या इतर पोरींना आया होत्या, तनुजाला हे वाक्य होतं. शाळेत 'माझी आई' असा निबंध आला की ती तेच वाक्य शेवटी लिही आणि दहापैकी नऊ मार्क घेई. घरी येऊन वही दाखवी. केवळाबाई वही उलटी-सुलटी करून बघत, त्यांना वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते कळत होतं. त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

खरं असं होतं की त्या रात्री वैजनाथ गणपती बोळवायला गेला असताना घरात भांडण झालं होतं. भिंतीला भिंत लागून मारोतीचं घर होतं. त्याचं अर्धं घर पडलं आणि तो उरलेल्या अर्ध्यात होता म्हणून सांगायला राहिला. त्यानं ते भांडण ऐकलं होतं. सगळं नव्हे. सासू टोमणा मारते तो हळू आवाजात, भिंतीपलीकडं जातो तो सुनेचा आवाज. मारोतीनं ऐकलं ते एवढंच, "घ्या ती पोरगी आन् व्हा भाईर!" मग कडी लागल्याचा आवाज. त्याच्या आधी सासू काय बोलली होती हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यांतली एक ढिगाऱ्याखाली गेली. दुसरी ते स्वतःशीसुद्धा पुरतं म्हणत नसे. केवळाबाईंना भूकंपाची भीती फार दिवस वाटली नाही, पण हे तनुजाच्या कानावर जाईल याची भीती त्यांना रोज वाटायची. पोरीचं वाक्य जाईल, आणि वाक्याबरोबर आजीही जाईल. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

पुनर्वसनाच्या गावात त्यांना घर मिळालं. सरळ रेषेतली, एकासारखी एक घरं. केवळाबाई तिथं तीनदा दुसऱ्याच्या घरात शिरून चूल शोधत बसल्या. मग पोरीच्या शाळेसाठी लातूरला आल्या. त्या वेळी लातूरला साऱ्या महाराष्ट्रातून पोरं यायला लागली होती, डॉक्टर-इंजिनियर व्हायला. पोरं आली की त्यांच्या मागं भूक येते. केवळाबाईंनी मेस काढली.

आणि तिथं त्यांना उद्धव सर आणि अंबरीश सर भेटले. खरं तर त्यांना केवळाबाई भेटल्या.

उद्धव सर आणि अंबरीश सर एकाच कॉलेजात एका बाकावर शिकलेले. उद्धव सर पुरोगामी मंचाचे, अंबरीश सर संस्कृती मंडळाचे. दोघंही हुशार, दोघंही निर्व्यसनी, दोघांचेही क्लास तुडुंब. दोघांनीही पंचवीस वर्षांत एकदाही मत बदललेलं नव्हतं, आणि दोघंही याला निष्ठा म्हणत. अंबरीश सरांच्या बाजूच्या पुढाऱ्याची भानगड निघाली की अंबरीश सर म्हणत, "चौकशी तर होऊ द्या." उद्धव सरांच्या बाजूच्याची निघाली की म्हणत, "चौकशी कशाला? दिसतंय की उघड." उद्धव सरही हेच म्हणत, फक्त नावं फिरवून. वाद घालायची दोघांची रीतही सारखी होती. समोरचा जे म्हणाला ते खोडायच्या भानगडीत पडायचं नाही. तो जे म्हणालाच नाही ते खोडायचं. ते लवकर खोडून होतं आणि टाळ्याही जास्त मिळतात.

दरसाल तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या स्मरणार्थ, दोघांचा जाहीर वाद व्हायचा. गावात दुसरी करमणूक कमी, त्यामुळे सभागृह भरून जायचं. आणि दरसाल त्या वादात केवळाबाई यायच्या, म्हणजे त्यांचं नाव यायचं. त्या स्वतः त्या वेळी पिठलं करत असायच्या.

अंबरीश सरांनी वार्ताहराची ती जुनी बातमी शोधून काढली होती. मंडळाच्या विशेषांकासाठी ते खुद्द गावीही जाऊन आले आणि मारोतीला भेटले. मारोतीनं जे ऐकलं होतं ते सांगितलं. अंबरीश सरांनी त्याला चहा पाजला आणि समजावलं, "मेलेल्या बाईबद्दल असं बोलू नये, मारोतराव." विशेषांकात त्यांनी लिहिलं, 'त्या रात्री घरातून आवाज ऐकू आल्याचं शेजारी मारोती यांनीही सांगितलं.' आवाज कुणाचा ते लिहिलं नाही. वाचणाऱ्यांनी ज्याचा समजायचा त्याचा समजला, आणि पुढच्या मंगळवारी बायका केवळाबाईंच्या पाया पडायला मेसच्या दारात आल्या. केवळाबाईंच्या हाताला पीठ होतं. त्यांनी सगळ्यांना भाजी तेवढी चाखायला दिली आणि लावून दिलं.

दोन महिन्यांनी उद्धव सर गावी जाऊन मारोतीला भेटले. त्यांनाही मारोतीनं तेच सांगितलं. उद्धव सर पक्के. त्यांनी ते रेघी कागदावर लिहून घेऊन मारोतीची सही घेतली आणि कागद फाइलीत ठेवला. लेखात मात्र लिहिलं की वर्षभर त्या भागात लहान धक्के बसत होते, निरक्षर केवळाबाईंनी निव्वळ निरीक्षणातून धोका ओळखला आणि त्या दगडी घर टाळून पत्र्याखाली निजल्या, 'याला शेजारी मारोती यांनी दुजोरा दिला.' केवळाबाई खरं तर ते वर्षभर त्याच दगडी घरात झोपल्या होत्या. फडताळातली भांडी वाजली की कूस बदलत, एवढंच निरीक्षण. पण लेख छापून आला आणि जागतिक महिला दिनाला मंचानं त्यांना शाल दिली.

म्हणजे दोन्ही सरांना खरं ठाऊक होतं, आणि दोघांनाही त्याचा उपयोग नव्हता. सासूसुनेचं भांडण पुरोगामी की परंपरावादी, हे दोघांच्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. चिंच विकायला लातूरच्या बाजारात आलेला मारोती एकदा मेसवर येऊन केवळाबाईंना म्हणाला, "काकू, म्या तर दोघास्नी एकच सांगितलं व्हतं बगा." केवळाबाईंनी त्याला ताट वाढलं आणि म्हणाल्या, "तिसऱ्याला सांगू नकोस."

दोन हजार चार साली वादाचं अध्यक्षपद सिद्धराम अप्पांकडं आलं. अप्पा निवृत्त प्राचार्य. सगळी हयात वस्तुनिष्ठ प्रश्न काढण्यात गेलेली, त्यामुळे प्रश्न म्हटला की त्याला पर्याय असणार आणि त्यांतला एकच बरोबर असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. घरी सून विचारायची, "अप्पा, चहा घेणार?" तर अप्पा म्हणत, "पर्याय काय आहेत?" अप्पांनी ठरवलं की दरसालचा हा घोळ यंदा मिटवायचा. बाईच गावात असताना तिच्याबद्दल वाद कशाला? बाईलाच मंचावर बसवू.

उद्धव सर आणि अंबरीश सर दोघांनाही ही कल्पना आवडली नाही. पण 'नको' म्हणणारा घाबरला असं दिसलं असतं, म्हणून दोघंही म्हणाले, "अवश्य." अप्पा मेसवर आमंत्रण द्यायला आले तेव्हा केवळाबाईंनी साफ नाही सांगितलं. "मला स्टेजावर काय कळतंय अप्पा? माज्या भाकरी कोन थापील?"

पण तनुजा अकरावीला होती, दोन्ही सरांकडं शिकत होती, आणि स्वागताचे गुच्छ देण्यासाठी तिचं नाव लागलं होतं. ती हट्टाला पेटली. "आजी, तू एकदा सांग ना सगळ्यांसमोर. देवी कशी आली, आई काय म्हणली. हे लोकं उगं तर्क करून राहिले. तू सांगितलं की मिटलं." आई काय म्हणली, हे शब्द तिनं असे उच्चारले की केवळाबाईंना नाही म्हणता आलं नाही. त्या रात्री त्यांनी ठरवलं: एकदाच जायचं, देवीचं नाव घ्यायचं, हात जोडायचे आणि परत यायचं. आजवर गिळलं तसं आणखी एकदा गिळायचं.

तीस तारखेला संध्याकाळी पाचला सभागृह भरलं. विषय फळ्यावर लिहिला होता, 'श्रद्धेनेच माणूस तरतो, असे या सभेचे मत आहे.' केवळाबाई मंचावर खुर्चीत अंग चोरून बसल्या. खुर्ची नको, खाली बसते म्हणाल्या होत्या, पण अप्पांनी ऐकलं नाही. मंचाच्या खाली डाव्या हाताला तनुजा नव्या ड्रेसमध्ये, हातात गुच्छ घेऊन उभी होती.

सुरुवात नेहमीसारखी झाली. भूकंपाच्या भागातल्या देवळांची एकच यादी दोघांकडं होती. अंबरीश सरांनी त्यांतली उभी राहिलेली देवळं मोजली, उद्धव सरांनी पडलेली. दोघांची बेरीज केली तर यादी बरोबर भरत होती, पण बेरीज करायला कुणी आलं नव्हतं. मग अंबरीश सर म्हणाले, "उद्धवराव म्हणतात, देव मानणारे सगळे मूर्ख." उद्धव सर असं म्हणाले नव्हते. उद्धव सर म्हणाले, "अंबरीशराव म्हणतात, दवाखाने बंद करा." अंबरीश सर असं म्हणाले नव्हते. सभागृहानं दोन्हीला टाळ्या दिल्या.

शेवटच्या फेरीत अंबरीश सरांनी आवाज खाली आणला. केवळाबाईंकडं हात केला. "ही माउली इथं बसलीय. हिला कुठलं पुस्तक वाचता येतं? हिला कुणी उठवलं? आणि हिच्या सुनेनं, त्या साध्वीनं, मरताना काय म्हटलं? आधी माझ्या लेकीला ने!" तनुजाच्या निबंधातलं वाक्य शाळेच्या मासिकात छापून आलं होतं, तिथनं ते सरांच्या भाषणात गेलं होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. तनुजाही रडत होती, पण मान ताठ होती. वाद संपल्यात जमा होता.

हरणारा माणूस काय करील सांगता येत नाही. उद्धव सरांनी त्या दिवशी खरं सांगितलं.

त्यांनी फाइल उघडली, आठ वर्षांपूर्वीचा रेघी कागद काढला आणि मारोतीची जबानी मोठ्यानं वाचली. "देवी नाही, मित्रहो. त्या रात्री सुनेनं भांडण करून सासूला घराबाहेर काढलं. आणि नुसतं सासूला नाही, पोटच्या पोरीलाही! 'घ्या ती पोरगी आन् व्हा बाहेर.' ही तुमची साध्वी." अंबरीश सर उठून उभे राहिले, "एका मृत स्त्रीची बदनामी! निषेध!" उद्धव सर म्हणाले, "मारोतीनं तुम्हालाही हेच सांगितलं होतं." अंबरीश सर म्हणाले, "मला असं काही आठवत नाही. आणि तुम्हाला ठाऊक होतं तर आठ वर्षं विज्ञान-विज्ञान काय चाललं होतं?" उद्धव सर फाइलीत आणखी एखादा कागद शोधू लागले.

तनुजानं गुच्छ खाली केला होता. ती आजीकडं बघत होती.

सिद्धराम अप्पांनी टेबलावर हात आपटला. "शांतता. प्रश्न सोपा आहे. केवळाबाई, पर्याय अ, देवीनं उठवलं. पर्याय ब, सुनेनं बाहेर काढलं. फक्त अक्षर सांगा."

केवळाबाई ठरवून आल्या होत्या. एक अक्षर बोललं की सगळं जागच्या जागी राहत होतं. देवी, पोरीचं वाक्य, आजी, सगळं. अंबरीश सर त्यांच्याकडं बघून हलकेच मान डोलावत होते, परीक्षेत आवडत्या पोराला खुणावतात तसे. 'ब' म्हटलं तर ते खरंच होतं, कागदावर होतं, सहीनिशी होतं. पण त्या खऱ्यात गुणाबाई चेटकीण होत होती आणि केवळाबाई बिचारी म्हातारी. गुणीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिची बाजू मांडायला सभेत कुणी नव्हतं, आणि जी एक होती ती गुणीच्याच लेकीच्या जिवावर बिचारी म्हणवून घ्यायला बसली होती. केवळाबाईंना स्वतःचीच किळस आली.

त्या उठल्या. माइकची गरज नव्हतीच.

"देवी न्हाई आली. सपन म्या रचलं. इज्ञान बी न्हाई, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. सुनेनं भाईर काढलं ते खरं हाय. पन आधी म्या बोलले व्हते तिला. लई वंगाळ बोलले. दुसरी असती तर तोंडावर चुलीतला इस्तू टाकला असता. गुणीची चूक न्हाई. माजी हाय."

"पण पोरीला?" उद्धव सर आतुरतेनं म्हणाले. "स्वतःच्या पोरीला का बाहेर काढलं?"

"ते हितं न्हाई सांगणार," केवळाबाई म्हणाल्या. "ते तुमच्या कामाचं न्हाई सर. तुमी त्याचं काय तरी करताल."

अप्पांनी कागदावर अ आणि ब दोन्ही लिहून खोडले आणि 'यांपैकी नाही' असं लिहायला जागा शोधू लागले. पण दोन्ही सर एव्हाना सावरले होते. उद्धव सर म्हणाले, "पाहिलंत? कुटुंबव्यवस्थेतल्या हिंसेची ही कबुली आहे. आमचंच म्हणणं सिद्ध झालं." अंबरीश सर म्हणाले, "पाहिलंत? भर सभेत स्वतःची चूक कबूल करणं, हे संस्कार. आमचंच म्हणणं सिद्ध झालं." दोघांनाही टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही बाजूच्या पेपरांत आपापला विजय छापून आला. केवळाबाईंचं म्हणणं दोन्हीकडं निम्मं निम्मं आलं.

कार्यक्रम संपायच्या आधीच तनुजा निघून गेली होती. केवळाबाई पायी घरी आल्या. वाटेत दोन बायकांनी तोंड फिरवलं, एकीनं मात्र थांबून हात दाबला आणि गेली. मेसवर आल्या तर तनुजानं नवा ड्रेस बदलून भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं. चाळीस पोरं जेवायची होती. दोघींनी कामाला लागून पोरांना वाढलं. पोरं त्या दिवशी गप्प जेवली. कुणाचं मत काय असावं हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा पोरगा हात धुऊन गेला तशी तनुजा म्हणाली, "'आधी माझ्या लेकीला ने', असं आई म्हणलीच नव्हती."

"न्हाई."

"तू बनवलंस."

"व्हय."

"मी नऊ वर्षं ते लिहून राहिले, आजी. सर ते सभेत बोलले. अन् त्याच सभेत दुसऱ्या सरांनी सांगितलं की मला आईनं घराभाईर काढलं." तिनं परात बाजूला ढकलली. राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "तू काय बोलली होतीस आईला? वंगाळ म्हणजे काय? नेमकं सांग."

केवळाबाई भिंतीला टेकल्या. अकरा वर्षांत हे शब्द त्यांनी तोंडाबाहेर काढले नव्हते. आता ज्या पोरीबद्दल ते बोलल्या होत्या तिलाच ते सांगायचे होते, आणि सांगितल्यावर ती राहील की जाईल हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"सणाचा सैपाक व्हता," त्या म्हणाल्या. "तुझी आई तुझ्या पोळीवर तूप वाढून राहिली व्हती. लई वाढलं. म्या म्हणले, कशाला एवढं घालतीस? परक्याचं धन ते. तुला पोरगा व्हायला पायजे व्हता. ह्या पोरीच्या हातची भाकर मला म्हातारपणी मिळायची न्हाई. हिच्यापायी घर बुडालं." त्यांनी डोळे मिटले. "तू तितंच बसली व्हतीस. खात व्हतीस, कळायचं वय नव्हतं तुझं. म्या तुझ्यासमोर बोलले."

तनुजानं पाटावरचं पीठ पुसून काढलं.

"तुझी आई तूप ठेवून उठली. मला कधी उलटून बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. म्हणली, आत्याबाई, घ्या ती पोरगी आन् व्हा भाईर. एक रात नेऊन संबाळा तिला कोठ्यात, कोन कोनाचं ते कळंल. हीच तुम्हाला भाकर घालील. माज्या लेकीला मी वळखते." केवळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मारोतीनं निम्मंच ऐकलं. तिनं कडी लावली, मग पुढचं आतनंच म्हणली, हळू. रडून राहिली व्हती ती."

बाहेर गल्लीत सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, शेवटच्या बॅचची पोरं खोल्यांकडं चालली होती. तनुजा उठली. दुरडीतली उरलेली भाकर तिनं काढली, ताटात ठेवली आणि ताट आजीपुढं सरकवलं. केवळाबाईंचा हात ताटाकडं जाईना.

"खा," तनुजा म्हणाली. "आन् परत सांग. पयल्यापासून सांग. काही गाळू नको."

केवळाबाईंनी पहिल्यापासून सांगितलं.